बासष्ट काड्यांची पंगत

पद्मिनीबाई रोज सकाळी साडेसहाला मुंग्यांना वाढायच्या. आधी मुंग्या, मग चहा. स्टीलच्या छोट्या डब्यात साखर आणि दाण्याचं कूट, निम्मं निम्मं. झाडाच्या बुंध्याशी एक चिमूट, रांग मोठी असली तर दोन. वाढून झालं की दोन पावलं मागं सरून म्हणायच्या, "सावकाश होऊ द्या." घरची बाई पंगतीला म्हणते, तसंच. मुंग्या सावकाशच करायच्या.

ही रीत त्यांनी टेक्सासात, शुगर लँडला तीस वर्षं पाळली होती. गावाचं नावच साखरेचं, तेव्हा तिथं कुणाला याचं नवल वाटायला नको, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या लाल मुंग्या चावायच्या. पण आधी खायच्या आणि मग चावायच्या, एवढी शिस्त त्यांना होती. मोरेश्वररावांना मधुमेह, त्यामुळे घरात साखर आली की मोठा वाटा मुंग्यांचा, हे न बोलता ठरलेलं. मोरेश्वरराव गेले त्याला दोन वर्षं झाली. जानेवारीत घर विकून पद्मिनीबाई लेकीकडे आल्या, हवाईतल्या माउई बेटावर. विमानात एक फॉर्म भरायचा होता: सोबत झाडं, फळं, बिया, प्राणी आहेत का? त्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं. साखर कशातच बसत नव्हती.

लेक नेत्रा 'चार बेटांची मुंगी समिती' नावाच्या ठिकाणी नोकरीला होती. पुण्याच्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं तेव्हा पद्मिनीबाई म्हणाल्या, "नेत्रा मुंग्यांचं करते." पुण्याला वाटलं, आईचं वळण लेकीनं उचललं. बरं वाटलं सगळ्यांना.

नेत्रा मुंग्यांचं करायची म्हणजे त्यांना शोधून संपवायची. सगळ्या मुंग्यांना नाही, एकाच जातीला. बाहेरून आलेली, तिळाच्या निम्म्याएवढी, केशरट रंगाची मुंगी. झाडावर राहते, वारा आला की माणसाच्या मानेत पडते आणि आग होईल अशी चावते. मांजरं आणि कुत्री हिच्यापायी आंधळी होतात. हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर ती जिकडंतिकडं झाली होती. माउई आणि कवाईवर तुरळक. मोलोकाईवर अजून नव्हती, आणि ती तिथं जाऊ नये म्हणून ही चार बेटं एकमेकांशी बांधली गेली होती. करार साधा होता. एका बेटावरची कुंडी दुसऱ्या बेटावर जायची, तर ती जिथून निघाली त्या गल्लीत या मुंगीची मोजणी शून्य यायला हवी. शून्यावर नेत्रानं सही केली की कुंडी बोटीवर चढायची.

मोजायची पद्धत पद्मिनीबाईंना फेब्रुवारीत कळली, आणि तीही फ्रीझरमध्ये. खोवलेल्या नारळाची पिशवी काढायला गेल्या, तर शेजारी झिपच्या पिशव्यांत लाकडी काड्या. काड्यांच्या टोकाला पीनट बटर, आणि पीनट बटरला मुंग्या. निपचित.

"नेत्रा, हे काय गं?"

"सॅम्पल्स, आई. ऑफिसचा फ्रीझर फुल आहे. दोनच दिवस."

"मेल्या का त्या?"

"फ्रीझ केल्या. काडी तासभर झाडाखाली ठेवायची, मुंग्या आल्या की पिशवीत घालायची. मग मायक्रोस्कोपखाली बघतो कुठली जात आहे ते."

"म्हणजे जेवायला बोलावतेस आणि ताटावरून उचलून बर्फात घालतेस?"

"आई, धिस इज नॉट अ पंगत. पीनट बटर इज जस्ट बेट."

"बेट?" पद्मिनीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. समुद्र होता तिथंच होता. "बेट तर हे सगळंच आहे."

"बेट म्हणजे आमिष. बी, ए, आय, टी."

"अस्सं." पद्मिनीबाईंनी नारळाची पिशवी काढून घेतली आणि फ्रीझरचं दार हलकेच लावलं, आत कुणी झोपलं असल्यासारखं.

त्या रात्रीच्या आमटीत नारळ पडला नाही. विषयही पुन्हा निघाला नाही.

*

नेत्राची गल्ली नऊ घरांची होती. तिसऱ्या घरात लेहुआ आंटी राहायची, वय चौऱ्याहत्तर. हवाईत वय झालेली बाई सगळ्यांचीच आंटी आणि पुरुष सगळ्यांचाच अंकल. यात पद्मिनीबाईंना काही परकं वाटलं नाही. लेहुआ त्यांनाही आंटी म्हणायची आणि त्या लेहुआला. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या गावचं होतं. एकमेकींना ते निम्मं कळायचं, आणि मैत्रीला तेवढं पुरत होतं.

लेहुआच्या अंगणात टीची झाडं होती. चहाची नव्हेत, लांब, रुंद, तुकतुकीत पानांची, घराभोवती लावली की घर राखतात अशी तिथली समजूत. मोलोकाईच्या एका शाळेनं मैदानाच्या कडेनं लावायला तिच्याकडे चाळीस कुंड्या मागितल्या होत्या. बोट शनिवारी निघणार होती. म्हणजे गुरुवारच्या चार बेटांच्या बैठकीत गल्ली शून्य आहे असं नेत्रानं सांगायचं. म्हणजे मंगळवारी मोजणी.

सोमवारी संध्याकाळी नेत्रानं जेवणाच्या टेबलावर बासष्ट काड्या मांडल्या आणि एकेकीला पीनट बटर लावायला बसली.

"पातळ लाव," पद्मिनीबाई म्हणाल्या. "घशाशी बसतं."

नेत्रानं वर बघितलं. आई गंभीर होती. नेत्रा पुन्हा काड्यांकडे वळली.

मंगळवारी पद्मिनीबाई साडेपाचलाच उठल्या. छोटा डबा ठेवून दिला आणि कडीचा मोठा डबा काढला, मोरेश्वरराव ऑफिसला न्यायचे तो. त्यात साखर, कूट आणि थोडं तूप. नऊ घरांच्या नऊ अंगणांपुढून त्या चालत गेल्या. एरवी अकरा ठिकाणी चिमूटभर वाढायच्या. आज अकराही ठिकाणी मूठमूठ वाढलं. बुंध्यापासून जरा लांब, कुंपणाच्या पायथ्याशी, काड्या जिथं यायच्या नाहीत अशा जागी. जाताना ओठांत पुटपुटत होत्या:

*मुंगीबाई मुंगीबाई, तुझं माहेर कोण्या गावा*
*माझ्या लेकीच्या वहीत, तुझं नाव कोणी लावा*

त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. भरल्या पोटी कुणी दुसऱ्या ताटावर बसत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुंग्या वाचतील, लेकीच्या काड्याही लागतील, मोजणीही होईल. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

नऊ वाजता नेत्रानं काड्या ठेवल्या आणि दहाला उचलल्या. बासष्ट काड्या, शून्य मुंग्या. केशरी नाहीत, काळ्या नाहीत, कुठल्याच नाहीत.

"आई! झिरो! क्लीन झिरो!" नेत्रा दारातूनच ओरडली आणि पायातल्या चिखलाच्या बुटांसकट आईच्या गळ्यात पडली. लेक दोन वर्षांत अशी हसली नव्हती. तिनं तिथूनच मोलोकाईच्या अंकल केओनीला फोन लावला. मोलोकाईची सगळी समिती म्हणजे हा एक माणूस आणि त्याचा ट्रक. फोन स्पीकरवर होता.

"नेत्राचा शून्य असेल तर मला पुन्हा बघायला नको," केओनी म्हणाला. "मी खड्डे खणून ठेवतो. माझी नात त्याच शाळेत आहे, मैदानात अनवाणी पळते."

पद्मिनीबाईंनी शिरा केला. साखर कमी पडली.

*

बुधवारी दुपारी उरलेला शिरा घेऊन त्या लेहुआकडे गेल्या. लेहुआ लिचीच्या झाडाखाली कुंड्या पुसत होती. मान लाल झाली होती, चट्ट्यावर चट्टा.

"काय झालं गं आंटी?"

"साबण बदलला. नवा साबण चावतो मला." लेहुआनं मान खाजवली. "आणि मोचीला बघ. म्हातारी झाली बिचारी."

मोची म्हणजे मांजर. ती पायरीवर बसली होती. डाव्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसा पडदा. पद्मिनीबाईंनी तिच्यापुढं बोट हलवलं. डावीकडून हलवलं तेव्हा मोचीनं मान वळवली नाही.

वारा आला. लिचीची पानं सळसळली. लेहुआच्या कॉलरवर वरून काहीतरी पडलं, वाळूचे पाच-सहा कण पडावेत तसं. मग ते कण चालायला लागले.

पद्मिनीबाई पुढं झाल्या. तिळाच्या निम्म्या, केशरट, घाई नसलेल्या. त्यांची घाई नसणं पद्मिनीबाईंना चांगलं माहीत होतं. त्यांना ते आवडायचं. या लिचीचा बुंधा त्यांच्या अकरांतला चौथा, आणि इथं त्या नेहमी दोन चिमटी वाढायच्या, कारण रांग मोठी.

त्यांनी बोटानं एकेक मुंगी टिपली. तिसरीनं मनगटाला डंख केला. गरम तव्याला हात लागावा, तशी आग.

"काय आहे?" लेहुआनं विचारलं.

"ओळखीच्या आहेत," पद्मिनीबाई म्हणाल्या.

लेहुआ खळखळून हसली. तिला वाटलं, आंटीचं इंग्रजी.

*

बुधवारी संध्याकाळी नेत्रा लॅपटॉपपुढं बसून बैठकीत बोलायचं ते वाचून बघत होती. मनगटावर पदर ओढून पद्मिनीबाई समोर बसल्या.

"नेत्रा, हा तुझा शून्य म्हणजे नक्की काय गं?"

"म्हणजे?"

"समजा, तो शून्य नसून थोडाफार असला तर?"

"शून्य थोडाफार नसतो, आई. माझ्या झिरोवर चार बेटं चालतात. मोठ्या बेटावर सुरुवातीला कुणाचा तरी झिरो चुकला, असं म्हणतात. तिथं आता मुलांना झाडावर चढू देत नाहीत." तिनं चष्मा काढला. "का विचारतेस?"

"सहज."

त्या उठल्या आणि भात लावला. भाताला पाणी जास्त झालं. नेत्रा खिमटासारखा भात मुकाट्यानं जेवली आणि छान झालाय म्हणाली. खोटं बोलताना ती अगदी मोरेश्वररावांसारखी भुवई उचलायची.

गुरुवारी बैठक दहाला होती. सकाळी साडेसहाला पद्मिनीबाई डबा हातात घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा चहा आधी झाला. साडेनऊला त्यांनी कडीचा मोठा डबा लॅपटॉपच्या शेजारी ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. मंगळवारचं सगळं, मग लेहुआची कॉलर, मग मोचीचा डोळा. शेवटी पदर सारून मनगट दाखवलं.

नेत्रानं पेन उघडलं.

"किती ग्रॅम?"

"ग्रॅम कसले, मूठ."

"कुणाची मूठ? तुझी? उघड." नेत्रानं आईच्या तळव्यावर पट्टी ठेवली आणि मोजून घेतलं. "बुंध्यापासून किती लांब?"

"चार पावलं. जिथं कुंपण जवळ, तिथं तीन."

"तूप होतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"प्रसादाला घालतो तेवढं."

नेत्रानं 'तूप, प्रसादाइतकं' असं इंग्रजीत लिहायचा प्रयत्न केला, खोडलं, पुन्हा लिहिलं. "यू फेड देम, आई," ती कागदाकडे बघतच म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला त्या काय करतात. तरी फेड देम."

"तू काय करतेस, तेवढंच माझ्या ध्यानात राहिलं. त्या काय करतात, ते नाही."

दहा वाजले. नेत्रानं लॅपटॉप उघडला आणि शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली. "बस. मी सांगते. कुणी काही विचारलं तर खरं सांग."

*

पडद्यावर चार चौकोन होते. मोठ्या बेटावरच्या हिलो गावातून मिसेस नाकामुरा, अध्यक्ष. कवाईवरून रीमा. मोलोकाईवरून केओनी, ट्रकमध्ये बसून. आणि समितीचा नकाशा सांभाळणारा विवेक, जो अॅरिझोनातल्या चँडलरला वाळवंटात राहायचा आणि ज्यानं एकही बेट प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

"माझा शून्य परत घेते," नेत्रा म्हणाली. "मोजणीच्या सकाळी मुंग्यांना आधीच खाऊ घातलं होतं. माझ्या आईनं. आणि आई रोजच घालते. माझ्याच घरात, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही. माझ्या सहीनं मागच्या महिन्यात चार गल्ल्या पास झाल्यात. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी राजीनामाही लिहून ठेवलाय."

पद्मिनीबाईंना राजीनामा या क्षणी कळला. त्यांनी टेबलाखाली लेकीचा गुडघा धरला.

"मॅपवर शून्य हिरवा असतो, मुंगी लाल," विवेक म्हणाला. "'आईनं खाऊ घातलं' याला ड्रॉपडाउनमध्ये ऑप्शन नाही." मग त्याला शेजारच्या खुर्चीतल्या पद्मिनीबाई दिसल्या. "नमस्कार काकू."

"नमस्कार बाळा. जेवलास?"

"इकडे दुपार झालीय, काकू. जेवलो."

केओनीच्या ट्रकच्या काचेतून मागं मैदान दिसत होतं आणि मैदानाच्या कडेनं चाळीस खड्डे.

"आंटी," मिसेस नाकामुरांनी विचारलं, "का?"

"पाहुण्यांना जेवायला बोलावून मारणं मला बघवेना," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तेव्हा त्या पाहुण्या वाटल्या. काल मैत्रिणीच्या मानेवर बघितल्या. आता नाही वाटत. पण खाऊ घातलं ते मीच."

कवाईच्या चौकोनात कोंबडा आरवला.

"एक सांगू का?" रीमा हळूच म्हणाली. "आमच्याकडे सर्व्हेच्या दिवशी एक अंकल कोंबड्या मोकळ्या सोडतात. त्या काड्यांवरचं पीनट बटर खातात. मी ते दोनदा 'मुंग्या नाहीत' असं भरलंय."

"दोनदा?" विवेकनं विचारलं.

"तीनदा."

मिसेस नाकामुरांनी चष्मा पुसला. "माझ्या सासूबाई घरातल्या देवापुढं भात ठेवतात," त्या म्हणाल्या. "नंतर तो अंगणात टाकतात. मीसुद्धा त्यांना कधी विचारलं नाही. वीस वर्षं झाली."

पुढची चाळीस मिनिटं फॉर्मच्या शब्दांवर गेली. 'गेल्या चोवीस तासांत तुम्ही मुंग्यांना खाऊ घातलं का?' असा प्रश्न घालायचं ठरलं. कवाईचं म्हणणं, लोक 'नाही' लिहितील, कारण कोंबडीला घातलेलं ते मुंगीला घातलेलं धरत नाहीत. हिलोचं म्हणणं, देवाला ठेवलेलं कुणी 'खाऊ' धरत नाही. शेवटी 'तुम्ही किंवा घरातल्या कुणी, कुणालाही, कशासाठीही' असं ठरलं. राजीनाम्याचा विषय मिसेस नाकामुरांनी पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवली नाही.

"आंटी," केओनी पहिल्यांदा बोलला, "अकरा जागा आठवतात?"

"आठवतात म्हणजे काय, रोज वाढते मी."

"झाडावर कुठपर्यंत जातात, हेही?"

"लिचीवर तिसऱ्या फांदीपर्यंत. आंब्यावर पार शेंड्याला. सहाव्या घरच्या केळीत उतरतात, पण दुपारनंतर."

केओनीनं नेत्राकडे बघितलं. "तुझ्याकडे असा नकाशा आहे?"

"नाही," नेत्रा म्हणाली.

"शनिवारी बोटीवर कुंड्या येणार नाहीत, तर मीच येतो. काड्या पुन्हा लावू." त्यानं ट्रक सुरू केला. "आणि आंटी, शुक्रवारी कुणाला वाढू नका. उपाशी ठेवा."

"शुक्रवारी माझाही उपास असतो," पद्मिनीबाई म्हणाल्या.

*

बैठक संपल्यावर त्या लेहुआकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. या वेळी लेहुआला इंग्रजी पूर्ण कळलं. ती मोचीला मांडीवर घेऊन बसली होती. "माझ्या कुंड्या राहिल्या," ती म्हणाली. मोचीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शिऱ्याचा डबा धुऊन ठेवलाय. ने." त्यापुढं ती शनिवारपर्यंत काही बोलली नाही. शनिवारी मात्र तिनं सगळ्यांसाठी लांब बाह्यांचे शर्ट आणून ठेवले आणि पद्मिनीबाईंच्या गळ्याचं बटण स्वतःच्या हातानं लावलं.

हिलोहून औषधाचं यंत्र आलं होतं, झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारणारं. कवाईहून दोन माणसं. केओनी पहाटेच्या छोट्या विमानानं आला आणि उतरल्यावर आपले बूट स्वतःच घासून धुतले. पद्मिनीबाई पुढं चालल्या आणि बाकीचे मागं. पहिली जागा, दुसरी, तिसरी. चौथ्या जागी, लिचीखाली, नेत्रानं काडी पुढं केली.

"मी लावू?"

"आण इकडं," पद्मिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी वाकून काडी बुंध्याशी ठेवली, पीनट बटरचं टोक झाडाकडे. मग दोन पावलं मागं सरल्या. ओठ उघडले आणि मिटले.

पुढच्या जागा तोंडी सांगून तासभर त्या तिथंच खुर्ची टाकून बसल्या. बाकीचे उरलेल्या काड्या लावत पुढं गेले. मुंग्या आल्या. एक आली, मग चार, मग रांग. दोन दिवसांच्या भुकेनं आल्या तरी धक्काबुक्की नव्हती. पद्मिनीबाई अगदी हळू म्हणाल्या, मुंगीला ऐकू जाईल एवढंच:

*मुंगीबाई, समुद्राची वाट कशी ओलांडावी*
*परक्याच्या फांदीवर, चूल कशी गं मांडावी*

नेत्राचं घड्याळ वाजलं. ती झिपची पिशवी उघडी धरून आली. काडीचं टोक दिसत नव्हतं, सगळं केशरी झालं होतं. हीच ती मुंगी, याला मायक्रोस्कोप लागणार नव्हता.

"साठ मिनिटं झाली, आई."

"थांब जरा. मधून उठवू नये."

केओनी मागं उभा होता. त्याला शब्द कळले नाहीत, पण त्यानं टोपी काढली. नेत्रा पिशवी धरून उभी राहिली. वारा पडला होता. पानही हलत नव्हतं.

"सावकाश होऊ द्या," पद्मिनीबाई म्हणाल्या. या वेळी मुंग्यांकडे न बघता.

मग उठल्या आणि काडी स्वतः उचलून पिशवीत घातली. झिप लेकीनं लावली.

त्या दिवशी बासष्टपैकी एकोणीस काड्यांवर मुंग्या आल्या. अकराच्या अकरा जागा बरोबर निघाल्या. चाळीस कुंड्या जागच्या जागी राहिल्या आणि मोलोकाईचे चाळीस खड्डे पावसाच्या पाण्यानं भरले. केओनीच्या नातीनं त्यांत कागदी होड्या सोडल्या.

फॉर्म नेत्रानं संध्याकाळी भरला. चौथ्या काडीपुढं वेळेच्या रकान्यात तिनं पासष्ट मिनिटं लिहिली. पाच मिनिटं जास्त का, असा पुढं प्रश्न होता. तिनं जरा विचार केला आणि लिहिलं: पंगत.

विवेकचा चँडलरहून मेसेज आला. ड्रॉपडाउनमध्ये घालू का?

घाल, नेत्रानं कळवलं.